कार्डालाही कान असतात

कार्यवाह : लिहून घ्या, बाई. 'या वाचनालयाच्या इतिहासात असा काळा दिवस उगवला नव्हता. सत्य पूर्णपणे उजेडात आल्याखेरीज कार्यवाह या खुर्चीवरून उठणार नाहीत.'

ग्रंथपाल : उठावं लागेल, सर. साडेचारला ही खोली शिवणवर्गाला दिली आहे. ती खुर्चीही त्यांचीच आहे.

कार्यवाह : मग 'साडेचारपर्यंत उठणार नाहीत' असं घाला. आणि तुम्ही बसा, तारवाले.

तारवाले : उभाच बरा आहे, साहेब.

कार्यवाह : मनात काळंबेरं असलं की माणसाला बसवत नाही.

तारवाले : तसं नाही. त्या स्टुलाचा एक पाय निखळलाय.

कार्यवाह : ठीक आहे. उभ्याने ऐका. मंगळवारी मी अध्यक्षांना एक गोपनीय पत्र लिहिलं. बुधवारी त्यातली वाक्यंच्या वाक्यं सभासदांच्या तोंडी होती. गुरुवारी वाचनकक्षातल्या नऊ ज्येष्ठ सभासदांनी माझ्या टेबलावर हे बंद पाकीट ठेवलं. आज शुक्रवार. पाच वाजता वर सभागृहात कार्यकारिणीची सभा आहे. विषयपत्रिकेत चौथा विषय कोणता आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

तारवाले : माझ्या नेमणुकीचा.

कार्यवाह : तुमच्या कायम नेमणुकीचा. किती वर्षं झाली तुम्हाला इथे?

तारवाले : बावीस. पण कागदावर मी अजून 'गरजेनुसार' या सदरात आहे. माझ्या वर घडीच्या खुर्च्या, माझ्या खाली पाण्याचं पिंप.

कार्यवाह : ते सदर आज बदलू शकतं. नाहीतर तुम्ही त्या सदरातूनही जाऊ शकता. तेव्हा विचार करून उत्तरं द्या.

ग्रंथपाल : सर, पत्रात काय होतं ते लिहावं लागेल. नुसतं 'पत्र' म्हटलं तर अध्यक्ष विचारतील.

कार्यवाह : ते गोपनीय आहे.

ग्रंथपाल : मग 'गोपनीय मजकूर, जो सर्वांना ठाऊक आहे' असं लिहू?

कार्यवाह : तुमच्या जिभेला हाड नाही, बाई. घ्या लिहून. 'वाचनकक्षातील ज्येष्ठ सभासद वृत्तपत्राच्या आडून पंख्याखाली झोपा काढतात. त्यांच्या घोरण्याने खऱ्या वाचकांस उपद्रव होतो. सबब सदर कक्ष दुपारी बंद करून अन्य शैक्षणिक उपक्रमास द्यावा.'

ग्रंथपाल : अन्य शैक्षणिक उपक्रम म्हणजे तुमच्या भाच्याचा संगणकवर्ग.

कार्यवाह : हे पत्रात नाही! हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ग्रंथपाल : भाच्यानेच. पंधरा दिवसांपूर्वी तो फूटपट्टी घेऊन वाचनकक्ष मोजत होता. एका आजोबांचे पाय मध्ये येत होते, तर पाय वर घ्या म्हणाला.

कार्यवाह : तो विषय आजचा नाही. तारवाले, प्रश्न पहिला. नेटवर्क कार्ड म्हणजे काय?

तारवाले : हे तुम्हाला माहिती हवी म्हणून विचारताय, की मला पकडायला?

कार्यवाह : पकडायला.

तारवाले : मग नीट सांगतो. संगणक मुळात घुम्या. त्याचं जे काय ते त्याच्या पोटात. शेजारच्या संगणकाला चार ओळी द्यायच्या तर पूर्वी त्या तबकडीवर उतरवायच्या, तबकडी खिशात घालायची आणि चालत जायचं.

ग्रंथपाल : बालविभागाची पुस्तकयादी मी सहा वर्षं अशीच आणली आहे. दोन जिने खाली, दोन वर. माझ्या गुडघ्यांचा इतिहास तिथपासून सुरू होतो.

तारवाले : मग कुणीतरी तळहाताएवढी पाटी बनवली. तिची एक कड संगणकाच्या खाचेत बसवायची, दुसऱ्या कडेला तार जोडायची. संगणकाचं बोलणं तारेला झेपेल असं करून सोडायचं आणि तारेवरून आलेलं संगणकाला कळेल असं करून आत द्यायचं. थोडक्यात, दुभाषी.

कार्यवाह : म्हणजे दोन्हीकडचं ऐकतं.

तारवाले : न ऐकता सांगणार कसं?

कार्यवाह : कबुली क्रमांक एक. लिहा, बाई.

तारवाले : पहिल्या-पहिल्या तारा अंगठ्याएवढ्या जाड असायच्या. त्यांना भोक पाडून आत दात रुतवायचे, तेव्हा कुठे कार्डापर्यंत बोलणं पोचायचं. आपल्याकडे मी घातली ती बारकी काळी तार. तुमच्या खोलीतून सुरू, मग देवघेव, वाचनकक्ष, बालविभाग, शेवट ग्रंथभांडारात. एकच तार, पाच खोल्या, दोन टोकांना दोन टोपणं. एक टोपण निघालं की पाचही खोल्या ठप्प.

ग्रंथपाल : आठवतंय. एक टोपण चार दिवस सापडत नव्हतं. तुम्ही तेव्हा झाडणाऱ्या मावशींवर संशय घेतला होता, सर.

कार्यवाह : घेतला होता, आणि योग्यच होता.

ग्रंथपाल : टोपण तुमच्या टेबलावर होतं. तुम्ही ते कागदावर वजन म्हणून ठेवलं होतं.

कार्यवाह : पुढे.

तारवाले : तर तार एकच. या टोकाचा संगणक बोलला की ते बोलणं पाचही कार्डांपर्यंत पोचायचं. वेगळं-वेगळं नाही, सगळ्यांना सगळं. प्रत्येक कार्ड वरचा नंबर बघायचं. माझं आहे? आत घेतो. माझं नाही? सोडून देतो.

कार्यवाह : म्हणजे दुसऱ्याचं सगळं ऐकायचं आणि ऐकलंच नाही असं दाखवायचं.

तारवाले : दाखवायचं नाही, साहेब. खरोखर सोडून द्यायचं. माणसात आणि कार्डात तेवढाच फरक आहे.

ग्रंथपाल : आणि दोन संगणक एकदम बोलले तर?

तारवाले : टक्कर. पण गंमत बघा ताई, टक्कर झाली की दोन्ही कार्डं तत्काळ गप्प बसतात. मग मनातल्या मनात वेगवेगळे आकडे मोजतात आणि ज्याचा आकडा आधी संपला ते आधी बोलतं. पुन्हा टक्कर झाली तर जास्त मोठा आकडा घ्यायचा.

ग्रंथपाल : हे आपल्या कार्यकारिणीला लागू करता येईल का?

तारवाले : त्यासाठी आधी गप्प बसता यावं लागतं.

कार्यवाह : इथे हास्यविनोद चाललेला नाही! प्रश्न दुसरा, आणि हा खरा. माझा भाचा संगणकातला जाणकार आहे. तो सांगतो, कार्डाची एक गुप्त अवस्था असते. त्या अवस्थेत ते दुसऱ्याचं सोडून देत नाही. सगळं आत घेतं. खरं की खोटं?

तारवाले : खरं.

कार्यवाह : तुम्हाला ती अवस्था लावता येते?

तारवाले : येते.

ग्रंथपाल : अहो दादा, जरा दम खाऊन उत्तर द्या.

तारवाले : येते तर येते म्हणणार, ताई. तिचं इंग्रजी नाव जरा चावट आहे, म्हणून मी ते बायकांसमोर घेत नाही. पण अवस्था कामाची आहे. तारेवर कुठे घोटाळा होतोय हे शोधायला सगळंच ऐकावं लागतं.

कार्यवाह : म्हणजे तुम्ही या इमारतीतलं सगळं ऐकलेलं आहे.

तारवाले : एकदा. चौदा वर्षांपूर्वी, अडीच तास.

ग्रंथपाल : काय ऐकलंत?

तारवाले : बालविभागातून प्रिंटरला एकच फाइल सतरा वेळा जात होती. बाकी काही नाही.

कार्यवाह : कबुली क्रमांक दोन आणि तीन. बाई, 'अडीच तास' अधोरेखित करा.

तारवाले : आता मी एक विचारू, साहेब? माझी जागा आज रिकामी झाली तर ती भरायला कुणी तयार आहे का?

कार्यवाह : म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?

तारवाले : काही नाही. जाणकार भाचा आहे, मोजलेली खोली आहे. आकडे जुळतात म्हणून विचारलं.

कार्यवाह : चौकशी कोण कुणाची करतंय इथे?

ग्रंथपाल : मी दोन्ही लिहितेय, सर. कुणाची ठेवायची ते शेवटी ठरवू.

कार्यवाह : बाई, तुम्हीही फार निर्धास्त राहू नका. मंगळवारी अकरा ते बारा तुम्हीही इमारतीत होतात. तुमच्याही संगणकात कार्ड आहे.

ग्रंथपाल : आहे की. त्याच कार्डापायी बालविभागाच्या बाई आणि मी तीन महिने एकमेकींशी बोलत नव्हतो. माझा संगणक चालू झाला की त्यांचा बंद पडायचा, त्यांचा चालू झाला की माझा. मला वाटायचं, मुद्दाम करतात. त्यांना वाटायचं, मी जळते.

तारवाले : त्यात चूक माझी होती. कार्डाचा नंबर कारखान्यातच त्याच्या अंगावर कोरलेला असतो. बारा अक्षरी. आणि जगात दोन कार्डांचा नंबर सारखा नसतो.

कार्यवाह : हे शपथेवर सांगाल?

तारवाले : नाही. मला दोन सापडली. एकाच स्वस्तातल्या खोक्यातून आली होती, जुळ्या भावंडांसारखी. एक या ताईंना बसवलं, एक बालविभागाला. एकाच नंबराला दोन्ही कार्डं 'ओ' देणार, मग निरोप कुणाचा? मला कळेपर्यंत तीन महिने गेले. तेव्हापासून मी वही ठेवतो. कोणतं कार्ड, कुठून काढलं, कुठे बसवलं, कुणाच्या सांगण्यावरून.

कार्यवाह : वहीचं कौतुक नंतर. मुद्दा असा की तुमच्याजवळ कान आहेत, कान उघडायची विद्या आहे आणि आता हेतूही आहे. भाच्याचा तुम्हाला मत्सर वाटतो. आणखी काय हवं?

तारवाले : तार हवी.

कार्यवाह : काय?

तारवाले : ती काळी तार आठ वर्षांपूर्वीच काढली. आता प्रत्येक खोलीची तार वेगळी आहे आणि सगळ्या तारा जिन्याखालच्या पेटीत येतात. त्या पेटीला कुठल्या भोकाला कुठलं कार्ड आहे हे माहीत असतं. ज्याचं त्यालाच देते. आता माझ्या कार्डाचे कान मी सताड उघडे ठेवले तरी माझ्याच दाराशी आलेलं ऐकू येणार.

कार्यवाह : पेटी कुणी बसवली?

तारवाले : मी.

कार्यवाह : किल्ली कुणाकडे?

तारवाले : माझ्याकडे.

कार्यवाह : अरे वा! म्हणजे कुंपणच शेत खातंय.

ग्रंथपाल : दादा, तुम्ही दर वाक्याला एकेक खड्डा खणताय आणि त्यात स्वतःच उतरताय.

तारवाले : मला फक्त एक कळत नाही, साहेब. ते पत्र तुम्ही अध्यक्षांना संगणकावरून पाठवलंत का?

कार्यवाह : छे! अध्यक्ष पडद्यावरचं वाचत नाहीत. त्यांना कागद लागतो. मी छापलं, सही केली, पाकिटात घालून स्वतःच्या हाताने नेऊन दिलं.

तारवाले : कुठे छापलंत?

कार्यवाह : माझ्या खोलीत. माझ्या नव्या प्रिंटरवर. भाच्याने बसवलेल्या.

तारवाले : तो प्रिंटर तुमच्या संगणकाला थेट जोडलेला आहे. हातभर वायर. तुमच्या टेबलाबाहेर काहीच जात नाही. मग कान लावणाऱ्याने ऐकायचं तरी काय?

कार्यवाह : ते तुम्ही सांगायचं.

तारवाले : पहिल्याच खेपेला छापलं गेलं?

कार्यवाह : म्हणजे?

तारवाले : म्हणजे बटण एकदाच दाबलंत का?

कार्यवाह : नाही. पहिल्यांदा काही आलं नाही. यंत्रच ते, त्याला एकदा सांगून कळत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मग भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मामा, तिथे दोन नावं दिसतील, खालचं निवडा. खालचं निवडलं, आलं.

तारवाले : वरचं नाव काय होतं?

कार्यवाह : 'कार्यवाह कक्ष'. माझ्याच खोलीचं नाव. त्यात काय?

तारवाले : 'कार्यवाह कक्ष'? अजून?

ग्रंथपाल : दादा? काय झालं?

तारवाले : मी पाच मिनिटांत येतो. वाचनकक्षातल्या प्रिंटरची कळ दाबून धरली की तो शेवटच्या कामांची यादी देतो. आणि माझी वही जिन्याखाली आहे.

कार्यवाह : पळ काढताय?

तारवाले : पिशवी इथेच ठेवून जातो, साहेब. तिच्यात जेवणाचा डबा आहे. डबा सोडून मी कुठे जात नाही.

(तारवाले जातात. कार्यवाह उठून त्यांची पिशवी बाहेरून चाचपतात, मग पुन्हा जाऊन बसतात.)

ग्रंथपाल : डबाच आहे ना?

कार्यवाह : मी फक्त बाजूला सरकवत होतो. बाई, आता आपण दोघंच आहोत. खरं सांगा, हा माणूस तुमच्याजवळ माझ्याबद्दल काय बोलतो?

ग्रंथपाल : तो तुमच्याबद्दल बोलतच नाही. तो कार्डांबद्दल बोलतो.

कार्यवाह : तेच संशयास्पद आहे. या इमारतीत माझ्याबद्दल न बोलणारा माणूस सरळ असूच शकत नाही.

ग्रंथपाल : मग मीही तुम्हाला एक विचारते. तुम्ही मागे या दादांना माझा संगणक 'तपासायला' पाठवलं होतं. माझी पत्रं वाचायला ना?

कार्यवाह : कोण म्हणतं?

ग्रंथपाल : मी म्हणते. त्यांनी तपासून काय सांगितलं?

कार्यवाह : म्हणाला, कार्डावर धूळ आहे, पुसली. मी म्हटलं, आणखी काय दिसलं? म्हणाला, पंख्यातही धूळ आहे. असल्या माणसाकडून काही कळत नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

ग्रंथपाल : तरी तुम्हाला वाटतं, त्याने तुमचं पत्र गावभर वाजवलं.

कार्यवाह : बाई, या पाकिटात काय आहे हे मी सांगायला हवं का? नऊ सह्या. अविश्वासाचा ठराव. एकोणीस वर्षांच्या सेवेनंतर! मला आज पाच वाजता सभेला एक नाव द्यावंच लागेल. नाहीतर सभा माझं नाव घेईल.

ग्रंथपाल : पाकीट उघडलंत का?

कार्यवाह : उघडायची गरज नाही. वजनावरून कळतं.

ग्रंथपाल : आले दादा.

तारवाले : सापडलं. ही यादी बघा, साहेब. मंगळवार, अकरा बेचाळीस, कार्यवाहांचा संगणक, एक पान. अकरा त्रेचाळीस, तोच संगणक, एक पान. अकरा चव्वेचाळीस, एक पान.

कार्यवाह : ही कुठल्या प्रिंटरची यादी?

तारवाले : वाचनकक्षातल्या. दुसऱ्या पंख्याखाली आहे तो.

कार्यवाह : पण मी तर 'कार्यवाह कक्ष' निवडलं होतं! माझं पत्र तिथे कसं गेलं? हा डाव आहे. कुणीतरी ते तिकडे वळवलं!

तारवाले : वळवलं नाही. कार्ड वळवलं. आता ही वही बघा. चार महिन्यांपूर्वीची नोंद. 'कार्यवाह कक्षातील जुना प्रिंटर निकामी. त्यातील नेटवर्क कार्ड चांगले. वाचनकक्षातील प्रिंटरचे कार्ड जळाले. सबब कार्यवाह कक्षातील कार्ड काढून वाचनकक्षात बसविले.' जुन्या प्रिंटरांना मागे खाच असते, कार्ड तिथून काढता-घालता येतं.

कार्यवाह : त्याने काय होतं?

तारवाले : नंबर कार्डाच्या अंगावर असतो, साहेब, खोलीच्या दारावर नाही. कार्ड उठून वाचनकक्षात गेलं, त्याच्याबरोबर पत्ता गेला. तुमच्या संगणकाला ते अजून 'कार्यवाह कक्ष' याच नावाने ठाऊक आहे. तुम्ही हाक मारलीत, त्याने वाचनकक्षातून 'ओ' दिली.

कार्यवाह : तीनदा.

तारवाले : तीनदा. कार्ड चांगलं आहे ते.

कार्यवाह : जुनं नाव माझ्या संगणकातून काढायला नको होतं?

तारवाले : हवं होतं. मी आलो होतो काढायला. तुमचे भाचे म्हणाले, मामांच्या यंत्राला हात लावायचा नाही, आता ते माझ्याकडे आहे.

कार्यवाह : आणि... आणि कार्ड हलवायला तुम्हाला सांगितलं कुणी? हे कुणाच्या अधिकारात झालं?

तारवाले : चिठ्ठी वहीत चिकटवलेली आहे. 'नवीन कार्ड आणण्याची उधळपट्टी करू नये. माझ्या खोलीतील काढून लावावे.' खाली सही.

ग्रंथपाल : सही ओळखीची वाटते, सर.

कार्यवाह : बाई, लेखणी खाली ठेवा.

ग्रंथपाल : ठेवली.

कार्यवाह : तारवाले, बसा. नाही, त्या स्टुलावर नको. ही माझी खुर्ची घ्या. हे बघा, आपण समंजस माणसं आहोत. या सगळ्यात तसा दोष कुणाचा? यंत्राचा. आपण सभेत सांगू, कार्ड सदोष होतं.

तारवाले : सदोष नाही ते. ज्याच्या नावाने आलं त्यालाच दिलं त्याने.

कार्यवाह : असूद्यात. पण ते वहीचं पान तेवढं फाडून टाका.

तारवाले : ते नाही जमणार.

कार्यवाह : चौथा विषय लक्षात आहे ना? बावीस वर्षं. एका पानासाठी?

तारवाले : त्याच पानाच्या मागे बालविभागाच्या आणि ताईंच्या कार्डाची नोंद आहे. जुळ्यांपैकी कुठलं काढलं, कुठलं ठेवलं. पान फाडलं तर उद्या मलाच कळायचं नाही कोण कुठलं. या दोघी पुन्हा बोलायच्या बंद होतील.

कार्यवाह : मी तुम्हाला कायम करतोय, आणि तुम्ही मला पाठपोट सांगताय!

तारवाले : कायम झालो तर ती वही मलाच वापरावी लागणार ना, साहेब? आणि नाही झालो तर पुढच्याला. दोन्हीकडून पान लागतंच.

ग्रंथपाल : सर, मला एक सांगायचं राहिलं. पण आधी एक विचारते. मंगळवारी, पावणेबाराच्या सुमारास, तीन कागद. बरोबर?

कार्यवाह : बरोबर. का?

ग्रंथपाल : वाचनकक्षातले एक आजोबा कागद घेऊन काउंटरवर आले होते. म्हणाले, कुणाचे तरी यंत्रातून पडलेत, मालक दिसत नाही. एक पान त्यांनी चष्म्याच्या घरात दुमडून ठेवलं, दोन मला दिली.

कार्यवाह : आणि तुम्ही ती मला का आणून दिली नाहीत?

ग्रंथपाल : तुमची आहेत हे मला कुठे ठाऊक? त्यांवर सही नव्हती. मी तुमच्याच परिपत्रकाप्रमाणे वागले. 'वाचनालयात बेवारस सापडलेला कोणताही कागद कर्मचाऱ्यांनी वाचू नये. तो सात दिवस दर्शनी फळ्यावर लावावा, म्हणजे ज्याचा त्याला ओळखता येईल.' मी न वाचता लावला.

कार्यवाह : न वाचता... कुठल्या बाजूने लावलात?

ग्रंथपाल : छापलेल्या. मागची कोरी होती, सर. कोरा कागद कोण ओळखणार?

कार्यवाह : म्हणजे मंगळवारपासून माझं गोपनीय पत्र दर्शनी फळ्यावर आहे!

ग्रंथपाल : दोन प्रती. एक वर, एक मुलांना दिसेल अशी खाली.

कार्यवाह : मला कसं दिसलं नाही?

ग्रंथपाल : तुम्ही मंगळवारी ते पत्र देऊन आल्यापासून मागच्या दाराने येताय. सभासद भेटतील म्हणून.

तारवाले : म्हणजे साहेब, पान फाडायचा प्रश्नच मिटला.

कार्यवाह : बाई, खरं सांगा. एक ओळसुद्धा वाचली नाहीत?

ग्रंथपाल : 'मा. अध्यक्ष यांस' एवढी वाचली. अध्यक्षांचा असेल असं वाटलं, पण तेही गेल्या तीन दिवसांत फळ्यासमोर दोनदा उभे राहून गेले. घेतला नाही त्यांनी. मग मी तरी कशाला काढू?

कार्यवाह : संपलं. म्हणजे नऊ सह्या नाहीत, अख्खं वाचनालय आहे त्या पाकिटात.

ग्रंथपाल : पाकीट आता उघडा तरी, सर. तुमच्याने होत नसेल तर इकडे द्या. हं. 'मा. कार्यवाह यांस. आपले फळ्यावरील निवेदन वाचले.'

कार्यवाह : निवेदन!

ग्रंथपाल : 'आम्ही झोपतो हे मान्य. परंतु वाचनकक्षातील सहा पंख्यांपैकी दोनच चालू असल्याने सर्वांना त्याच दोहोंखाली गोळा व्हावे लागते व घोरण्याचा उपद्रव एकमेकांस होतो. आपण या प्रश्नाकडे स्वतःहून लक्ष दिल्याबद्दल आभार. उर्वरित चार पंखे त्वरित दुरुस्त व्हावेत.' खाली नऊ सह्या. एक आडवी गेली आहे, बहुधा डुलकी लागली असावी.

कार्यवाह : आभार? माझे?

ग्रंथपाल : लिहिलंय तसं.

कार्यवाह : यात काहीतरी गोम आहे.

तारवाले : गोम नाही, साहेब. चार पंख्यांचे कपॅसिटर गेलेत. मी सांगितलं होतं.

कार्यवाह : बाई, घड्याळात किती?

ग्रंथपाल : चार वीस. शिवणवर्गाच्या दोघी दाराशी येऊन उभ्या आहेत.

कार्यवाह : मग आटपा. ती चौकशीची पानं... ती तुमच्याकडेच राहू द्या. नवं पान घ्या. 'विषय चौथा. बावीस वर्षांची निष्ठावंत सेवा लक्षात घेता...' नाही, 'निष्ठावंत' जरा जास्त होतंय.

ग्रंथपाल : लिहून झालं, सर.

कार्यवाह : असूद्यात मग. '...लक्षात घेता, तसेच सदर तंत्रज्ञांनी नेटवर्क कार्डांच्या नोंदी काटेकोर ठेवल्याचे कार्यवाहांना व्यक्तिशः अनुभवास आले असल्याने, त्यांची नेटवर्क कार्ड देखभाल तंत्रज्ञ या पदावर कायम नेमणूक करावी, अशी शिफारस आहे.' आणा इकडे, सही करतो. झालं. तारवाले, अभिनंदन. आता तरी माझ्याबद्दल मनात काही ठेवू नका.

तारवाले : उपकार झाले, साहेब. पण पदाच्या नावात एक अडचण आहे.

ग्रंथपाल : दादा, सही झाली आहे. घडी घालून खिशात ठेवा.

तारवाले : नंतर कुणी चूक काढली तर ताई, संशय माझ्यावरच येणार. साहेब, पुढच्या महिन्यात आपल्याकडे नवे बारा संगणक आणि दोन प्रिंटर येणार आहेत. जुने सगळे जाणार.

कार्यवाह : मग? त्यांच्या कार्डांची देखभाल करा.

तारवाले : त्यांना कार्ड नसतं.

कार्यवाह : नसतं म्हणजे? मग ते एकमेकांशी बोलतात कसे?

तारवाले : मुख्य पाटीवरच एक चिप बसवलेली असते. नखाएवढी. खूप वर्षं झाली आता, सगळीकडे तसंच आहे. वेगळं कार्ड फक्त आपल्याकडे उरलंय.

ग्रंथपाल : आणि ती चिप बिघडली तर? तेव्हा तरी तुम्ही लागालच की.

तारवाले : ती सहसा बिघडत नाही, ताई.